गावाचं लिंग गुणोत्तर: नोंदी गोळा करण्यापासून फलकावर आकडा लिहिण्यापर्यंत

ग्रामपंचायतीच्या फलकावर, ग्रामसभेच्या अहवालात, स्थानिक बातमीत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत लिंग गुणोत्तराचा आकडा सर्रास चुकतो. कधी सगळ्या लोकसंख्येचं गुणोत्तर नवजात बाळांचं म्हणून छापलं जातं. कधी तालुक्याच्या दवाखान्यातल्या सगळ्या बाळंतपणांचा हिशोब तालुक्याच्या गावाच्या नावावर पडतो. कधी वीस-बावीस जन्मांवरून एका गावाचा सत्कार होतो आणि शेजारच्या गावाकडे संशयानं पाहिलं जातं. या आकड्याच्या मागे मुलींना जन्माला येऊ दिलं जातं की नाही हा प्रश्न आहे, त्यामुळे तो हलगर्जीपणानं काढणं मला मान्य नाही.

सरपंच, सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, वार्ताहर, विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, ज्यांना आपल्या गावाचा किंवा भागाचा आकडा स्वतः काढायचा आहे, त्यांनी पुढचे टप्पे याच क्रमानं करावेत. क्रम मोडला की बहुतेक वेळा टप्पा ३ राहून जातो आणि पुढचं सगळं गणित वाया जातं.

## आधीची तयारी

एक तक्ता आखून घ्या. वहीत चालेल, संगणकावर असेल तर उत्तम. रकाने एवढेच: अनुक्रमांक, जन्मतारीख, बाळाचं लिंग, जन्म कुठे झाला, आईचं नेहमीचं राहण्याचं गाव, आईचं हे कितवं बाळ, आधीच्या बाळांमध्ये मुली किती आणि मुलगे किती, नोंद कोणत्या रजिस्टरमधून घेतली.

आईचं नाव, बाळाचं नाव, मोबाइल नंबर, आधार क्रमांक यांना रकाना ठेवू नका. नोंदी जुळवताना नाव लागतं, पण ते काम कार्यालयात रजिस्टर समोर ठेवून, संबंधित कर्मचाऱ्याच्या बरोबर बसून करायचं. नावांची यादी घरी न्यायची नाही आणि व्हॉट्सॲपवरही टाकायची नाही.

कालावधी किमान पाच वर्षांचा धरा. जन्म-मृत्यू नोंदणी जानेवारी ते डिसेंबर अशी चालते, आरोग्य विभागाचे अहवाल एप्रिल ते मार्च असे. दोन्हीकडून आकडे घेणार असाल तर आधीच एक वर्ष ठरवा. मी कॅलेंडर वर्ष धरायला सांगेन, कारण जन्मतारखेवरून कुठलीही नोंद त्यात बसवता येते.

ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या. माहिती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागणी फक्त एकूण संख्यांची. "गावनिहाय, वर्षनिहाय जिवंत जन्म, मुली व मुलगे" एवढं लिहिलं तरी पुरतं. नावं मागितलीत तर खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जाईल, आणि ते योग्यच आहे.

सावधान: कुठल्या बाईचा गर्भपात झाला, कुणाचे दिवस मध्येच कसे संपले, याची चौकशी दारोदार करू नका. कायदेशीर गर्भपात हा तिचा खासगी विषय आहे, आणि तुमच्या कामाला ती माहिती लागतही नाही.

## टप्पा १: कोणतं गुणोत्तर हवंय ते ठरवा

एकाच नावानं तीन वेगळे आकडे फिरत असतात.

पहिला, एकूण लिंग गुणोत्तर: सगळ्या वयांच्या दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. दुसरा, बाल लिंग गुणोत्तर: शून्य ते सहा वर्षं वयाच्या दर हजार मुलग्यांमागे मुली. तिसरा, जन्माच्या वेळचं लिंग गुणोत्तर: ठरावीक काळात जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलग्यांमागे मुली.

गर्भलिंगनिदानाबद्दल बोलायचं असेल तर तिसराच आकडा कामाचा. दुसऱ्यात जन्मानंतर दगावलेली बाळं आणि स्थलांतर मिसळलेलं असतं. पहिल्यात तर रोजगारासाठी गाव सोडणं, लष्करातली नोकरी, स्त्रियांचं जास्त आयुष्य असं सगळंच येतं.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. रत्नागिरीत मुलींचे जन्म जास्त आणि मुंबईत कमी, असा याचा अर्थ होत नाही. कोकणातले पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला जातात, हा त्याचा मोठा भाग. शून्य ते सहा वयोगटात रत्नागिरीतही मुली मुलग्यांपेक्षा कमीच होत्या.

तपासा: तुमच्या वाक्यात "जन्माच्या वेळचं" हे शब्द आहेत का? नसतील तर वाचणारा आपल्या मनानं अर्थ लावेल.

## टप्पा २: सरकारी आकडा कुठून आला ते ओळखा

राज्याचा किंवा जिल्ह्याचा आकडा सोबत द्यायचा असेल तर तो कोणत्या पद्धतीनं गोळा झाला हे कळायला हवं.

जनगणना. प्रगणक घरोघर जातो आणि घरातली एक व्यक्ती सगळ्यांची माहिती सांगते. गावपातळीपर्यंतचे आकडे इथे मिळतात. जनगणनेच्या संकेतस्थळावरच्या प्राथमिक जनगणना सारांशात किंवा जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावाचं नाव शोधा आणि शून्य ते सहाच्या मुली व मुलगे यांचे रकाने घ्या. हे बाल लिंग गुणोत्तर झालं, जन्माचं नव्हे. शेवटची झालेली गणना २०११ ची आहे. पुढच्या गणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे.

जन्म-मृत्यू नोंदणी. १९६९ च्या कायद्यानुसार जन्म झाल्यापासून २१ दिवसांत नोंद करायची असते. गावात हे काम ग्रामसेवकाकडे असतं (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), शहरात नगरपालिका किंवा महापालिकेकडे. दवाखान्यात झालेल्या जन्माची खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याची. नोंद जन्म झालेल्या ठिकाणी होते. या एका गोष्टीवर पुढचा अख्खा टप्पा उभा आहे.

नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे एसआरएस. निवडक गावांत आणि शहरी भागांत वर्षभर जन्म-मृत्यू मोजले जातात आणि जन्माच्या गुणोत्तरासाठी तीन वर्षांची सरासरी देतात. २०१८ ते २०२० साठी देशाचा आकडा ९०७ होता, केरळचा ९७४, उत्तराखंडचा ८४४. राज्यपातळीसाठी हा चांगला स्रोत आहे. यात जिल्ह्याचा आकडा नसतो, त्यामुळे कुणी "एसआरएसनुसार आमच्या जिल्ह्यात" असं म्हणालं तर थांबवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. २०१९ ते २०२१ च्या फेरीत देशात हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया आल्या आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या झळकल्या. हे सर्वेक्षण घरांचं आहे. आदल्या रात्री त्या घरात कोण झोपलं होतं, ते मोजलं जातं. बराकीत, वसतिगृहात, बांधकामाच्या छावणीत राहणारे पुरुष त्यात येत नाहीत. त्याच सर्वेक्षणात मागच्या पाच वर्षांतल्या जन्मांचं गुणोत्तर ९२९ होतं. म्हणजे चिंतेचा आकडा त्याच कागदावर होता, छापला गेला दुसराच.

आरोग्य विभागाची माहिती प्रणाली, म्हणजे एचएमआयएस. दवाखान्यांनी दर महिन्याला भरलेली माहिती. ताजी असते, पण खासगी रुग्णालयांकडून ती वेळेवर आली नाही तर आकडा अपुरा राहतो.

## टप्पा ३: "गावातला जन्म" म्हणजे काय ते लिहून ठेवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आज बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. लहान गावाच्या रजिस्टरमध्ये जन्म थोडेच दिसतात आणि तालुक्याच्या गावाच्या रजिस्टरमध्ये आसपासच्या सगळ्या गावांचे. ग्रामपंचायतीचं रजिस्टर उघडून मुली आणि मुलगे मोजले, तर तुम्ही गावाचं गुणोत्तर काढत नाही. गावातच उरलेल्या मोजक्या जन्मांचं काढता.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. तुमच्या गावच्या सुनेचं पहिलं बाळ तिच्या माहेराजवळच्या दवाखान्यात जन्मतं, आणि तुमच्या गावची लेक बाळंतपणाला इथे येते. नियम न ठरवता मोजलंत तर सुनांची पहिली बाळं गळतील आणि लेकींची बाळं वाढतील. पहिल्या बाळाचं गुणोत्तर आणि पुढच्या बाळांचं गुणोत्तर सारखं नसतं, त्यामुळे ही नुसती इकडची संख्या तिकडे जात नाही, आकडाच एका बाजूला कलतो.

नियम असा ठेवा: बाळंतपणाआधी आईचं नेहमीचं राहणं जिथे, तो जन्म त्या गावाचा. सून माहेरी बाळंत झाली तरी बाळ सासरच्या गावात मोजायचं. माहेरी आलेल्या लेकीचं बाळ आपल्या गावात मोजायचं नाही. जन्माच्या खबरीच्या फॉर्ममध्ये आईच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाचा रकाना असतो. तो फॉर्मच्या सांख्यिकी भागात येतो आणि हा भाग पुढे वरच्या कार्यालयाकडे जातो, म्हणून ग्रामपंचायतीत तो हाताशी असेलच असं नाही. तुमचा खरा आधार म्हणजे उपकेंद्रातली आरसीएच नोंदवही (गरोदर माता आणि बाळांच्या आरोग्याची नोंद) आणि आशाताईंची यादी.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत, बीडसारख्या जिल्ह्यांत, हिवाळ्यातले जन्म पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर किंवा तिथल्या दवाखान्यात होतात. तीही बाळं तुमच्याच गावची. ती मोजायची तर कुटुंबं परतल्यावर यादी पुन्हा तपासावी लागते.

## टप्पा ४: तीन याद्या एकमेकींवर तपासा

एकाच रजिस्टरवर विसंबू नका. आशाताईंची किंवा एएनएमची (उपकेंद्रातल्या परिचारिकेची) गरोदर मातांची नोंद, लसीकरणाची यादी आणि अंगणवाडीची शून्य ते सहाची यादी अशा तीन याद्या जन्मनोंदीसोबत एका टेबलावर आणा आणि वर्षानुसार, जन्मतारखेनुसार जुळवा.

लसीकरणाच्या यादीत बाळ आहे आणि जन्मनोंदीत नाही, तर जन्म निसटलेला आहे. जन्मनोंदीत आहे आणि अंगणवाडीत नाही, तर कुटुंब गाव सोडून गेलंय, बाळ दगावलंय किंवा खासगी बालवाडीत जातंय. कारण शोधा, पण बाळाला यादीतून काढू नका. जिवंत जन्मलं आणि नंतर दगावलं, तरी ते जन्माच्या गुणोत्तरात मोजायचंच. मृत जन्म मात्र यात येत नाहीत.

निसटलेल्या नोंदींत मुली किती आणि मुलगे किती, हे वेगळं मोजा. निसटलेल्यांत मुलीच जास्त असतील तर तुमच्या गावात मुलींची नोंद मागे पडते. मग रजिस्टरमधला कमी आकडा काही अंशी नोंदीचा दोष आहे. हे न पाहता सोनोग्राफी केंद्रांवर आरोप करणारी बातमी लिहू नका.

जुळे असतील तर दोन ओळी. एका ओळीत "जुळे" लिहून पुढे जाणं ही फार नेहमीची चूक आहे.

## टप्पा ५: लिंगाचा तिसरा रकाना

तक्त्यात मुलगी आणि मुलगा यांशिवाय एक रकाना मोकळा ठेवा. जन्मतः लिंग स्पष्ट नसलेलं बाळ असेल तर अंदाजानं कुठल्या तरी बाजूला ढकलू नका. त्याला एकूण जन्मांत मोजा, गुणोत्तराच्या भागाकारात घेऊ नका.

मोठ्या माणसांची गणना करत असाल तर प्रत्येकाला स्वतःचं उत्तर स्वतः द्यायला मिळायला हवं. २०११ च्या जनगणनेत पुरुष, स्त्री आणि इतर असे तीन पर्याय होते. देशात ४,८७,८०३ जणांची नोंद "इतर" अशी झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. त्या देशभरच्या आकड्यात ५४,८५४ बालकं शून्य ते सहा वयाची होती, म्हणजे त्यांचं उत्तर दुसऱ्या कुणी तरी दिलं होतं. उलट बाजूनं, घरच्यांनी "मुलगा" सांगितलेली किती तृतीयपंथी माणसं त्यात आलीच नसतील, याचा विचार करा. मुख्य तक्त्यांत तर ही संख्या पुरुषांच्या रकान्यात मिळवलेली आहे. जुन्या आकड्यांशी तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

सावधान: गावात अशी एक-दोनच माणसं असतील तर तो आकडा गावाच्या फलकावर लिहू नका. कोण ते सगळ्या गावाला कळतं. तालुक्याच्या बेरजेत दाखवा.

## टप्पा ६: गणित

मुलींची संख्या भागिले मुलग्यांची संख्या गुणिले १०००. मुलगे खाली, मुली वर.

परदेशी अहवालांत उलटं असतं: दर शंभर मुलींमागे मुलगे. तिथे १०५ दिसलं तर ते आपल्या पद्धतीनं साधारण ९५२ होतं. निसर्गतः मुलगे थोडे जास्तच जन्मतात, म्हणून ९५० च्या आसपासचा आकडा हा दोष नाही आणि १००० हे उद्दिष्टही नाही.

एक काल्पनिक गाव घेऊ. पाच वर्षांतले जन्म:

पहिलं वर्ष: मुली ९, मुलगे १४, गुणोत्तर ६४३
दुसरं वर्ष: मुली १३, मुलगे १०, गुणोत्तर १३००
तिसरं वर्ष: मुली ११, मुलगे ११, गुणोत्तर १०००
चौथं वर्ष: मुली ८, मुलगे १३, गुणोत्तर ६१५
पाचवं वर्ष: मुली १२, मुलगे ११, गुणोत्तर १०९१

पाच गुणोत्तरांची सरासरी काढली तर ९३० येते. हे चूक. आधी मुली मिळवा, ५३. मग मुलगे मिळवा, ५९. मग भागा: ८९८. तालुक्याचा आकडा काढतानाही हाच नियम. गावांच्या गुणोत्तरांची सरासरी कधीच काढायची नाही.

## टप्पा ७: एवढ्या जन्मांवरून बोलता येईल का?

वरच्या गावाचा दुसऱ्या वर्षी सत्कार झाला असता आणि चौथ्या वर्षी चौकशी लागली असती. गावात मात्र काहीच बदललेलं नाही. लहान संख्येत असे चढउतार आपोआप होतात.

साधी तपासणी करा. एकूण जन्मांना ०.४८७ नं गुणा. निसर्गतः साधारण तेवढ्या मुली अपेक्षित. मग एकूण जन्मांचं वर्गमूळ काढा आणि ते अपेक्षित संख्येतून वजा करा आणि मिळवा. तुमच्या मुलींची संख्या या दोन टोकांच्या आत असेल तर फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो.

आपल्या गावात जन्म ११२. अपेक्षित मुली सुमारे ५४.५, वर्गमूळ सुमारे १०.६. म्हणजे ४४ ते ६५ मधलं काहीही योगायोगानं येऊ शकतं. ५३ मुली अगदी मध्याजवळ आहेत. ८९८ वाचून घाबरायचं कारण या गावापुरतं नाही.

हाच हिशोब वेगवेगळ्या संख्यांना लावला तर १०० जन्मांत ६४० ते १४४० पर्यंतचं गुणोत्तर योगायोगानं येऊ शकतं, १००० जन्मांत ८३५ ते १०८० आणि १०,००० जन्मांत ९१२ ते ९८८. बीड जिल्ह्याचं २०११ चं बाल लिंग गुणोत्तर ८०७ होतं आणि तिथे मोजलेली बालकं लाखांत होती. तिथे योगायोगाला जागाच उरत नाही.

म्हणून एकट्या गावाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्राचं पूर्ण क्षेत्र घ्या. तीस हजार लोकसंख्येच्या केंद्रात वर्षाला साधारण साडेचारशे जन्म धरले तर पाच वर्षांत २२५० होतात आणि पट्टा सुमारे ८७० ते १०३० एवढा अरुंद होतो. त्याखालचा आकडा आला तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी विषय मांडा.

उलटही ध्यानात ठेवा. आकडा पट्ट्याच्या आत आहे म्हणून गावात गर्भलिंगनिदान होत नाही, असं प्रमाणपत्र देता येत नाही. संख्या लहान आहे, एवढंच त्यातून कळतं.

## टप्पा ८: कितवं बाळ ते वेगळं करा

वेळ कमी असेल तर इतर काहीही गाळा, हा टप्पा गाळू नका. जन्मांचे तीन गट करा: पहिलं बाळ, आधी मुलगीच असलेल्या आईचं दुसरं बाळ, आधी मुलगा असलेल्या आईचं दुसरं बाळ. आरसीएच नोंदवहीत आईच्या हयात मुली आणि मुलगे यांची संख्या असते, तिच्यावरून हे करता येतं. आधीचं मूल दगावलं असेल तर ते त्या रकान्यात दिसणार नाही, एएनएमला विचारून घ्या.

लिंगनिवड होत असेल तर ती बहुतेक वेळा दुसऱ्या गटात दिसते. पहिल्या गटाचं गुणोत्तर ठीक आणि दुसऱ्याचं खूप खाली, असं चित्र आलं तर एकूण आकडा ९२० असला तरी समाधान मानू नका. टप्पा ७ ची तपासणी प्रत्येक गटाला स्वतंत्र लावा. गट लहान होतात, म्हणून हेही केंद्राच्या पातळीवरच करा.

## टप्पा ९: तुलना

तुमचा जन्माचा आकडा जनगणनेच्या शून्य ते सहाच्या आकड्याशी लावून "सुधारणा झाली" म्हणू नका. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांमधले जिल्ह्याचे आकडे पाहूनही निष्कर्ष काढू नका, कारण एका जिल्ह्यात निवडलेली घरं थोडीच असतात.

जनगणनेचा अंतिम आकडाच घ्या. २०११ चं महाराष्ट्राचं बाल लिंग गुणोत्तर तात्पुरत्या आकडेवारीत ८८३ होतं आणि अंतिम आकडेवारीत ८९४. दोन्ही आजही सापडतात, आणि काही लेखांत तात्पुरत्यापासून अंतिमपर्यंतचा फरक प्रगती म्हणून मांडलेला दिसतो. २००१ चा आकडा ९१३ होता, म्हणजे घसरणच होती.

जिल्ह्याच्या हद्दीही तपासा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे २०११ च्या ठाण्यात पालघर आलेलं आहे.

## टप्पा १०: फलकावर काय लिहायचं

नुसतं "लिंग गुणोत्तर ८९८" लिहू नका. असं लिहा:

"जन्माच्या वेळचं लिंग गुणोत्तर. कालावधी: जानेवारी २०२१ ते डिसेंबर २०२५. जिवंत जन्म ११२: मुली ५३, मुलगे ५९. आईचं नेहमीचं राहणं या गावात असलेले सर्व जन्म. आधार: जन्मनोंद, आरसीएच नोंदवही, लसीकरण यादी, अंगणवाडी यादी."

जन्म शंभर-दोनशेच असतील तर गुणोत्तर न लिहिता नुसत्या संख्या लिहिल्या तरी चालेल, आणि माझ्या मते तेच बरं. गुड्डा-गुड्डी फलकावर, म्हणजे मुलगे-मुलींचे जन्म दाखवणाऱ्या फलकावर, दर महिन्याचे जन्म चढवत असाल तर गुणोत्तर अजिबात नको. दोन मुली आणि एक मुलगा यावरून कुणीतरी २००० लिहितं आणि त्याचा फोटो जिल्ह्यापर्यंत जातो.

मागच्या वर्षाचा आकडा जानेवारीत लावायची घाई करू नका. डिसेंबरच्या जन्मांना नोंदीसाठी २१ दिवस असतात, उशिराच्या नोंदी त्यानंतरही येतात आणि तोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलनंतर परततात. एप्रिल-मेमध्ये याद्या पुन्हा जुळवा, जूनमध्ये बेरीज करा आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आकडा मांडा. तक्त्याची एक प्रत, नावांशिवाय, ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा.